रोज सोळा टँकर: हद्दीवरच्या एका सोसायटीचं पाणी प्रकरण

हे प्रकरण पुणे जिल्ह्यातलं आहे. मी त्याच सोसायटीत राहतो, तीन वर्षं कमिटीत होतो आणि त्यातली दोन सेक्रेटरी म्हणून, त्यामुळे जे लिहितोय ते आतून बघितलेलं आहे आणि त्यात माझ्याही चुका आहेत. सोसायटीचं, गावाचं, बिल्डरचं नाव देत नाही. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ गावं आली, २०२१ साली आणखी २३ आली, आमचं गाव त्यातलं एक की शेजारच्या दुसऱ्याच कुठल्या हद्दीतलं तेही सांगत नाही, म्हणून खाली नुसतं 'पालिका' म्हटलंय. आकडे आमच्या वहीतले आहेत, थोडे गोल केलेत.

पार्श्वभूमी

पंधरा वर्षांपूर्वी इथे ऊस होता. गावठाण, गावठाणाला लागून ओढा, ओढ्यावर एक अरुंद साकव आणि तिथून शेतांमधून जाणारा पाणंद रस्ता. आज त्याच पाणंद रस्त्यावर डांबर टाकलंय आणि दोन्ही बाजूला मिळून १४ सोसायट्या आहेत. रस्त्याची रुंदी मात्र दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर जातील एवढीच. विकास आराखड्यात तो २४ मीटरचा दाखवलाय, प्रत्यक्षात जमीन ताब्यात आलेली नाही.

आमची सोसायटी म्हणजे ४ विंग, ३१२ फ्लॅट. पझेशन डिसेंबर २०१९ ला सुरू झालं, मग लगेच कोविड, सोसायटी रजिस्टर व्हायला २०२१ उजाडलं आणि बिल्डरकडून सगळं ताब्यात घेतलं २०२२ मध्ये. ताब्यात घेतलं म्हणजे काय, तर किल्ल्यांचा जुडगा, फायलींचं एक खोकं आणि सह्या. एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, चालतो का, हे बघायला कोणी खाली उतरलंच नाही. मीही नाही.

पाण्याचं नळ कनेक्शन नव्हतं. हे फ्लॅट घेताना सगळ्यांना माहीत होतं, कारण करारात तसं लिहिलेलं होतं, आणि सेल्स ऑफिसमधला मुलगा म्हणाला होता की दोन वर्षांत पालिकेची लाईन येतेय. अशा ठिकाणी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, कसं मिळतं ते मला फार उशिरा कळलं. लाईन येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन असं हमीपत्र बिल्डर देतो आणि त्यावर काम पुढे सरकतं. ते हमीपत्र आमच्या त्या खोक्यातच होतं. दोन वर्षं कोणी वाचलं नाही.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण लोक पहिल्यांदा भ्रष्टाचार म्हणतात आणि विषय संपवतात. नकाशे मंजूर करणारं ऑफिस एक, पाणी देणारं दुसरं, धरणातून पाणी मंजूर करणारं तिसरं. बिल्डिंग तीन वर्षांत उभी राहते. पाणी योजनेला आधी जलसंपदा खात्याकडून कोटा लागतो, मग आराखडा, मग टाकीसाठी जागा, मग टेंडर, मग रस्ता खोदायची परवानगी, आणि प्रत्येक टप्प्याला वर्ष-दीड वर्ष आरामात जातं. शिवाय कोटा काही हवेतून येत नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून साठा साधारण २९ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, त्यातूनच शहर पितं आणि त्यातूनच दौंड-इंदापूरपर्यंतची शेती भिजते. म्हणजे घरं आणि पाणी दोन वेगळ्या घड्याळांवर चालतात आणि मधली जी आठ-दहा वर्षं उरतात ती टँकर भरून काढतो.

समस्या

मे २०२४ मध्ये सलग दोन दिवस टँकर आले नाहीत. रस्त्यावर एका दुचाकीला टँकर घासला, गावातल्या मुलांनी साकवावर टँकर अडवले, आणि पुरवठादाराने फोन बंद ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पाणी गेलं. ज्या घरात आजारी माणूस होतं, तान्हं बाळ होतं, त्यांनी बिसलेरीचे जार मागवले, अनेक जण सरळ नातेवाईकांकडे गेले. रात्री क्लब हाऊसमध्ये जी मीटिंग झाली तिला तीनशे माणसं होती, एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, चाळीस जमत नाहीत.

त्या मीटिंगमध्ये एका ताईंनी विचारलं, "आपल्याला रोज पाणी लागतं किती?" आणि कमिटीतल्या एकालाही उत्तर देता आलं नाही. टँकर किती येतात ते सांगता आलं, सोळा. एका टँकरला साधारण हजार रुपये, म्हणजे महिन्याचे ४ लाख ८० हजार, तेही पाठ होतं. लिटर कोणी मोजलेच नव्हते.

याचं कारण मला आता अगदी स्वच्छ दिसतं. २०२२ मध्ये आम्ही टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये टाकला, फ्लॅटमागे समान, साधारण दीड हजार. हिशोबाला सोपं म्हणून. आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, पाण्याचा आकार फ्लॅटमधल्या नळांच्या संख्येवर आणि साइजवर लावायचा असतो, समान वाटायचा नसतो, पण टँकर म्हणजे 'सर्व्हिस चार्ज' असं आम्हीच ठरवून टाकलं. तो निर्णय मीटिंगच्या अगदी शेवटी, चहा आल्यावर, पाच मिनिटांत झाला होता. त्या दिवसापासून पाणी बिलातून गायब झालं. एकटे राहणारे आजोबा आणि सहा माणसांचं कुटुंब सारखेच पैसे भरत होते, त्यामुळे कमी वापरून कोणाचा फायदा नव्हता आणि जास्त वापरून कोणाचा तोटा नव्हता. पालिकेच्या लाईनचा पाठपुरावाही तिथेच थंडावला, कारण दुखणं महिन्याला दीड हजाराचं आणि सवयीचं झालं होतं.

कोणते पर्याय होते

जून ते ऑगस्ट २०२४ या तीन महिन्यांत पाच पर्यायांवर भांडणं झाली, चर्चा म्हणणं जरा सभ्य होईल.

पहिला, नवीन बोअर. हा सगळ्यात लोकप्रिय, कारण त्यात कोणाशी बोलावं लागत नाही. आमच्याकडे दोन बोअर होते, एकातून दिवसाला जेमतेम २० हजार लिटर मिळायचं, दुसरा कोरडा. आपल्या भागात खाली बेसॉल्ट आहे, काळा पाषाण. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या, भेगाळ थरात आणि दोन थरांच्या सांध्यात, त्याच्या खाली कितीही गेलं तरी बहुतेक वेळा नुसती धूळ येते. त्यात महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत. तरीही कमिटीतले दोघं पानाडी घेऊन आले, तो हातावर नारळ आडवा धरून गार्डनमध्ये फिरला आणि नारळ उभा राहिला तो नेमका मुलांच्या घसरगुंडीपाशी. सांगायला लाज वाटते पण ८० हजार त्यात गेले. कोरडाच निघाला.

दुसरा, बिल्डर. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याच्या, कलम १४(३) प्रमाणे पझेशनपासून ५ वर्षांत बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा सेवासुविधांमधला दोष लेखी कळवला तर प्रमोटरने, म्हणजे बिल्डरने, तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. ५ वर्षं संपत होती डिसेंबर २०२४ ला. म्हणजे आमच्या हातात चार महिने उरले होते, आणि हे लक्षात आणून दिलं ते बी विंगमधल्या एका भाडेकरूने, मालकांपैकी कोणी नाही.

तिसरा, बाकीच्या सोसायट्यांसोबत वर्गणी काढून स्वतःच पाईपलाईन टाकायची, पालिकेच्या सगळ्यात जवळच्या टाकीपासून. अंतर १.८ किलोमीटर. पैसे जमले असते बहुतेक. पण पाणीपुरवठा विभागातल्या एका ज्युनिअर इंजिनिअरने खासगीत जे सांगितलं त्याने माझे तरी डोळे उघडले. तो म्हणाला, "साहेब, लाईन टाकाल हो, टाकीत पाणी कुठाय? ती टाकी आत्ता जेवढ्यांना देते त्यांनाच दिवसाआड देते."

चौथा, हायकोर्ट. स्वच्छ पाणी हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे कलम २१ चा भाग आहे असं सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच म्हटलेलं आहे, आणि वकिलांनीही केस उभी राहील असं सांगितलं. पण कोर्टाने आदेश दिला तरी धरणातला कोटा आणि जमिनीचा ताबा याला जो वेळ लागतो तो लागणारच. आम्ही हे एकट्याने करायचं नाही, सगळ्या सोसायट्या मिळून करायचं ठरवलं. ते अजून ठरलेलंच आहे.

पाचवा, आधी आपलंच पाणी मोजायचं. हा पर्याय मांडला आमच्या खजिनदारबाईंनी, बँकेतून रिटायर झालेल्या आहेत. याला सर्वात कमी टाळ्या पडल्या. "म्हणजे आम्हीच चोर का?" असं एकाने विचारलंसुद्धा.

पहिला निर्णय: मीटर कुठे बसवायचे

प्रत्येक फ्लॅटला मीटर हे ऐकायला बरोबर वाटतं. आमच्याकडे एका फ्लॅटला पाणी एका पाईपने येतच नाही. किचनची लाईन एका शाफ्टमधून, दोन बाथरूमच्या दोन वेगळ्या, म्हणजे फ्लॅटमागे तीन मीटर, एकूण ९३६. कोटेशन ३५ लाखांच्या पुढे. सहा महिने भांडून शेवटी काहीच झालं नसतं.

मग ठरलं की १० मीटर बसवायचे. चार विंगना प्रत्येकी दोन, एक वापराच्या पाण्याला आणि एक फ्लशच्या लाईनला, एक बोअरवर आणि एक टँकर जिथे रिकामा होतो तिथे. दीड लाखाच्या आत काम झालं, एजीएमची परवानगीही लागली नाही. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच, आणि तो चांगला होता कारण लहान होता.

पहिल्याच आठवड्यात टँकरचं मीटर भलतंच बोलायला लागलं. दहा हजार लिटरचा टँकर, मीटरवर ८,७०० च्या आसपास. पुरवठादार म्हणाला, "दादा, तुमचं मीटर खराब आहे, पाईपात हवा जाते." हवा गेली तर मीटर जास्त दाखवतं, कमी नाही, पण वाद घालण्यापेक्षा आम्ही पट्टी लावली. आमची जमिनीखालची टाकी आतून १० मीटर बाय ८ मीटर आहे. पंप बंद ठेवून दहा हजार लिटर ओतलं तर पाणी साडेबारा सेंटिमीटर चढायला हवं. लागोपाठ नऊ टँकर मोजले, कधी पावणेअकरा, कधी अकरा. वॉचमनसमोर, पुरवठादाराच्या माणसासमोर. पुढच्या महिन्यापासून बिल टँकरवर नाही, मीटरच्या लिटरवर. तो आधी चिडला, मग तयार झाला, कारण १६ टँकरचं गिऱ्हाईक कोण सोडतं.

याचा दुसरा परिणाम असा की आमचं वापराचं गणितही बदललं. दहा हजाराने धरलं तर टँकर आणि बोअर मिळून १ लाख ८० हजार लिटर, आमची प्रत्यक्ष वस्ती ९५० माणसं, म्हणजे माणशी १८९ लिटर. मीटरने धरलं तर १ लाख ५९ हजार, माणशी १६८. केंद्राच्या पाणीपुरवठा मॅन्युअलमध्ये भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी १३५ लिटर धरतात. म्हणजे आम्ही उधळे होतोच, पण जेवढे एकमेकांना समजत होतो तेवढे नव्हतो.

दुसरा निर्णय: रात्री दोन वाजता टाकी बघणे

हे कोणी एका प्लंबरने सुचवलं. रात्री दोन ते चारच्या मध्ये कोणी आंघोळ करत नाही, मशीन लावत नाही, त्यामुळे त्या वेळात जे पाणी जातं त्यातलं बरंचसं गळती असतं. मी आणि डी विंगचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा, आम्ही दोघं चार रात्री गच्चीवर बॅटरी घेऊन बसलो. चारही विंग मिळून ताशी सुमारे १,५०० लिटर पाणी उतरत होतं. दिवसाला ३६ हजार. त्यातलं निम्मं खरोखर वापराचं म्हटलं तरी १८ हजार, म्हणजे दोन टँकर रोज, कोणीही न वापरता.

गेलं कुठे? बहुतेक सगळं फ्लशच्या टाक्यांमधून. आतला रबरी वॉशर कडक होतो आणि पाणी भांड्यात बारीक झिरपत राहतं, आवाजही येत नाही. टाकीत थोडा खायचा रंग टाकायचा आणि अर्ध्या तासाने भांड्यात बघायचं, रंग दिसला की गळती. आम्ही रविवारी पोरांच्या टीम करून घरोघरी ही चाचणी केली आणि वॉशर सोसायटीच्या खर्चाने बदलले. बंद फ्लॅटचे मालक किल्ली द्यायला तयार होईनात, तिथे सरळ शाफ्टमधला कॉक बंद केला. दोन जणांनी त्यावर लेखी तक्रार दिली.

तिसरा निर्णय: एसटीपी

आता खरी गोष्ट. फ्लशच्या लाईनवरचं मीटर बघून खजिनदारबाईंनी विचारलं, "हे पाणी येतंय कुठून?" आमच्या बिल्डिंगला दुहेरी प्लंबिंग आहे, फ्लशसाठी वेगळी लाईन, कारण एवढ्या मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी घेताना सांडपाणी शुद्ध करून फ्लशला आणि बागेला वापरण्याची अटच असते. माणशी १३५ पैकी ४५ लिटर फ्लशचे धरतात. पण पंप रूममध्ये उतरून बघितलं तर फ्लशच्या टाकीला वापराच्या पाण्याचा बायपास जोडलेला, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, गंज चढून तसाच अडकलेला. कधीतरी फ्लशला वास आला, लोकांनी ओरडा केला, आणि मॅनेजरने बायपास उघडून दिला. वास गेला, सगळे खूश. त्या दिवसापासून आम्ही हजार रुपयांचा टँकर विकत घेऊन संडासात ओतत होतो. ९५० माणसांचे ४५ लिटर म्हणजे दिवसाला जवळजवळ ४३ हजार लिटर. पाच टँकर.

आणि एसटीपी? ऑपरेटर वीज वाचवायला रात्री ब्लोअर, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडणारं यंत्र, बंद ठेवायचा. त्याला तसं आम्हीच सांगितलं होतं, वीजबिल कमी करा म्हणून. हवा बंद झाली की त्यातले जिवाणू मरतात आणि मग पाण्याला वास येतोच. दोन पैकी एक ब्लोअर तर पझेशनपासूनच जळालेला होता. मग न शुद्ध झालेलं पाणी जात कुठे होतं याचं उत्तर ओढ्यात होतं.

इथे बिल्डरचा पर्याय कामाला आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये, मुदत संपायला पाच आठवडे असताना, कलम १४(३) खाली लेखी नोटीस दिली, सोबत फोटो, पाण्याचे लॅब रिपोर्ट आणि त्याचंच हमीपत्र. त्याने उत्तर दिलं नाही. महारेराच्या, म्हणजे राज्यातल्या रेरा प्राधिकरणाच्या, सलोखा मंचाकडे गेलो, तिथे दोन बैठका झाल्या आणि त्याने दोन्ही ब्लोअर, हवेच्या डिफ्युझर नळ्या आणि एक फिल्टर बदलून द्यायचं कबूल केलं. टँकरचे जुने पैसे मागितले होते, ते सोडले. वकील म्हणत होते सोडू नका, हमीपत्र आपल्या हातात आहे. कमिटीत चार विरुद्ध तीन असं मत पडलं आणि माझं मत सोडण्याच्या बाजूने होतं. आज विचाराल तर मला खात्री नाही.

गाव

साकवावर टँकर अडवणाऱ्या मुलांना आम्ही दोन-तीन महिने 'गावगुंड' म्हणत होतो. सप्टेंबरमध्ये माजी सरपंच, त्यांना सगळे आण्णा म्हणतात, त्यांनी बोलावलं म्हणून आम्ही पाच जण मारुतीच्या देवळात गेलो. आम्ही रस्त्याबद्दल बोलायची तयारी करून गेलो होतो. दिवसाला दोनशे टँकर, जाऊन-येऊन चारशे फेऱ्या, शाळेच्या वेळेत बंद ठेवू वगैरे.

एक आजी कोपऱ्यात बसल्या होत्या, त्या मधेच म्हणाल्या, "रस्त्याचं जाऊंद्या बाळांनो. तुमचे टँकर भरत्यात कुठं ते ठावं हाय का?"

ठाऊक नव्हतं. ओढ्याच्या वरच्या अंगाला अडीच-तीन किलोमीटरवर चार बोअर आहेत, तिथून बहुतेक सगळ्या सोसायट्यांचे टँकर भरतात. तो उपसा सुरू झाल्यापासून गावची विहीर मार्चलाच तळ गाठते, आधी ती मे काढायची. आणि खालच्या अंगाला आमचं सांडपाणी ओढ्यात. म्हणजे वरून आम्ही त्यांचं पाणी विकत घेत होतो आणि खालून घाण करून परत देत होतो. त्या देवळात आमच्यापैकी कोणाला पुढे काही बोलता आलं नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोमचे पेशंट अचानक वाढले आणि दूषित पाण्याची चर्चा सुरू झाली तेव्हा आमच्याकडेही घबराट झाली. आण्णांनी ग्रामपंचायतीच्या काळातलं क्लोरीन तपासायचं किट काढून दिलं, दोन थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. आमच्या टँकरचं पाणी पांढरंशुभ्र राहिलं. पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं, आमच्यात शून्य होतं. पाच वर्षं आम्ही टँकर मोजत होतो, आत काय आहे ते एकदाही बघितलं नव्हतं. त्या आठवड्यात क्लोरीन सोडणारा डोझिंग पंप बसवला, अठरा हजारात.

निकाल

मे २०२५ पर्यंत सोळाचे दहा टँकर झाले. कागदावर नऊ व्हायला हवे होते, फ्लशचे पाच आणि गळतीचे दोन वजा करून, पण उन्हाळ्यात बोअर निम्म्यावर आला आणि काही गळत्या परत सुरू झाल्या. एसटीपी नीट चालवायचा म्हणून वीज आणि दुसऱ्या ऑपरेटरचा पगार धरून महिन्याला साधारण ५० हजार जास्त जातात, तरी निव्वळ सव्वा लाखाच्या आसपास वाचतात. फ्लशच्या पाण्याला अधूनमधून किंचित पिवळट रंग येतो आणि त्यावर दर महिन्याला एक तरी चिडका मेसेज येतो. बायपासच्या व्हॉल्व्हला कुलूप लावलंय, किल्ली खजिनदारबाईंकडे.

१४ पैकी ९ सोसायट्यांनी आता हेच मीटर बसवलेत. शाळा भरताना आणि सुटताना टँकर बंद, हे गावासोबत ठरलं आणि बऱ्यापैकी पाळलं जातं. पालिकेची लाईन आली नाही. टाकीच्या जागेचं काम मात्र सुरू झालंय, कारण यावेळी अर्ज सोसायट्यांचा एकट्यांचा नव्हता, गावठाण आणि सोसायट्यांचा एकत्र होता, आणि टाकीसाठी गायरानातली जागा गावानेच दाखवली.

काय वेगळं करता आलं असतं

ताबा घेताना एक दिवसाची रजा टाकून पंप रूम, एसटीपी, टाक्या बघायला हव्या होत्या, सोबत बाहेरचा एखादा इंजिनिअर घेऊन. त्याची फी त्या पानाड्याच्या बोअरपेक्षा कमी झाली असती. पाच वर्षांची तारीख पहिल्याच कमिटीने भिंतीवर लिहून ठेवायला हवी होती, आम्ही केवळ एका भाडेकरूच्या कृपेने वाचलो, आणि हो, भाडेकरूंना मीटिंगला न बोलावण्याची आमची पद्धत तेव्हापासून बंद केली.

टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये मिसळायचा निर्णय मी आज घेतला नसता. निदान बिलावर वेगळी ओळ, आणि विंगप्रमाणे वापर छापून. आता तसं छापतो. सी विंगवाले गेले तीन महिने सगळ्यात जास्त वापरतायत हे दिसल्यावर त्यांच्यातलेच लोक गळत्या शोधत फिरतात, आम्हाला सांगावं लागत नाही.

आणि गावाकडे आम्ही पाच वर्षं उशिरा गेलो. अडवणूक झाल्यावर गेलो, बोलावल्यावर गेलो. टँकर कुठे भरतो हा प्रश्न २०२० मध्ये एका फोनवर सुटला असता. आता पावसाळ्यानंतर एसटीपीचं शिल्लक पाणी, दिवसाला पंचवीस-तीस हजार लिटर, खालच्या दोन शेतकऱ्यांना द्यायचं चाललंय. पाईप आमचा, चर खोदायला गाव. लॅबचे दोन रिपोर्ट चांगले आले, आण्णा म्हणाले तीन झाल्याशिवाय घेणार नाही. तिसरा सॅम्पल परवा गेलाय.